अंधारात पिस्तुलाची माशी दिसावी म्हणून

माझ्या पुतण्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि त्याच्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे. डिसेंबरात तो कामठीला आला नि म्हणाला, "काका, दिवस मावळला की पुढची माशी दिसतच नाही." माशी म्हणजे पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरचा लहान उंचवटा; मागच्या खाचेत तो मधोमध धरून नेम धरतात. फौजेत मी २२ वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, त्यामुळे ही तक्रार मला नवी नाही.

त्याने आधीच हिरव्या रेडियमचे तीन ठिपके लावले होते, माशीवर एक आणि मागच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक. तिन्ही सारखेच. काळोखात माशीचा ठिपका डावीकडे बाहेर पडला तरी ओळीत तीन ठिपके दिसतातच, आणि नेम बरोबर आहे असं वाटतं. मी मागचे दोन्ही खरवडून काढले. चमकायची ती फक्त माशी.

रंगाला हात लावण्याआधी पिस्तूल रिकामं करा. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची. उलट केलं तर स्लाइड सोडताच नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या गोळीच्या जागेत, जाते. चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

तेल राहिलं तर रंग टिकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने माशी दोनदा पुसा, नंतर बोट लावू नका. पहिला हात पांढऱ्या इनॅमलचा, तो रात्रभर वाळू द्या. त्यावर स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटच्या चमकत्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या आणि शेवटी पारदर्शक नेलपॉलिश. जुना झिंक सल्फाइडचा रंग लवकर मंदावतो, तो घेऊ नका. रंग फक्त डोळ्याकडच्या बाजूला लावायचा. वरच्या कडेवर थर चढला तर माशी उंच होते आणि गोळी खाली लागते. वापरण्याआधी टॉर्चचा उजेड मिनिटभर द्या.

ट्रिटियम या किरणोत्सारी वायूमुळे आपोआप चमकणारी तयार माशीही मिळते. तिला असा उजेड द्यावा लागत नाही, पण ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं असतं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मंच उरतं. घेताना ती बनवल्याचं साल बघा. ती बसवायला जुनी माशी ठोकून काढावी लागते. ते काम घरी करू नका, परवानाधारक बंदूक कारागिराकडेच न्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो.

आता दिवे बंद करून वीस मिनिटं बसा, डोळे काळोखाला सरावू द्या. मग रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवरच्या खुणेवर नेम धरून बघा. रेंजवर आधी दिवसा गोळ्या कुठे लागतात ते तपासा.

पुतण्याला मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. माशी चमकली म्हणून समोर कोण आहे ते कळत नाही. शेतीची लाइन रात्री आली की त्याच बागेत पाणी द्यायला त्याचा गडी उभा असतो. म्हणून डाव्या हातात टॉर्च हवीच. उजेड पाडून माणूस ओळखल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये. त्या संध्याकाळी अंगणात रिकामं पिस्तूल घेऊन मी त्याच्याकडून हे तीसेक वेळा करून घेतलं.