इम्युनॉलॉजीत पीएचडी करताय? मग या चुका टाळा

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं बऱ्याचदा सीडी नंबर (सेलच्या पृष्ठभागावरच्या मार्करना दिलेले नंबर) पाठ करत बसतात. ३७० च्या वर आहेत ते, आणि रोजच्या कामाला त्यातले मोजकेच लागतात. नंबरपेक्षा तो मार्कर कोणत्या सेलवर कधी येतो हे समजून घ्या. सीडी२५ रेग्युलेटरी टी सेलवर (इम्यून प्रतिसादाला लगाम घालणाऱ्या टी सेलवर) असतो हे सगळ्यांना माहिती असतं, पण साधा टी सेल ॲक्टिव्हेट झाला की त्याच्यावरही तो येतो, त्यामुळे नुसता सीडी४-सीडी२५ चा प्लॉट दाखवून 'रेग्युलेटरी सेल वाढले' म्हटलं की कमिटी फॉक्सपी३ (रेग्युलेटरी सेलची मुख्य ओळख असलेलं प्रोटीन) कुठेय विचारणारच. आणि माणसाच्या सेलमध्ये तर ॲक्टिव्हेशननंतर फॉक्सपी३ सुद्धा थोडा वेळ दिसतो, तेव्हा तिथे अजून जपून.

सगळ्यात जास्त महिने वाया जातात ते फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे रंग जोडलेल्या अँटीबॉडी लावून सेल एकेक करून लेझरसमोरून मोजण्यात. मेलेले सेल कुठलीही अँटीबॉडी चिकटवून घेतात, म्हणून व्हायबिलिटी डाय (मेलेले सेल ओळखणारा रंग) लागतोच. पण सेल फिक्स करायचे (रसायनाने आहेत तसे टिकवायचे) असतील तर प्रोपिडियम आयोडाइड हा डाय चालत नाही, फिक्सेबल डाय लागतो, आणि तो सीरम असलेल्या बफरमध्ये टाकला की डाय सीरमच्या प्रोटीनलाच चिकटतो आणि सिग्नल फिका येतो, मग लोक डायची बाटली बदलत बसतात! आधी नुसत्या पीबीएसने (प्रोटीन नसलेल्या मिठाच्या बफरने) धुवून घ्या, मग डाय टाका. टी सेलचा सीडी३ आणि बी सेलचा सीडी१९ दोन्ही असलेले सेल दिसले तर नवीन पॉप्युलेशन सापडली म्हणून उड्या मारू नका, एक टी सेल आणि एक बी सेल एकमेकांना चिकटून गेलेत का बघा, म्हणजे डब्लेट गेट (चिकटलेल्या जोड्या मोजणीतून वगळणारी सीमा) नीट लावलाय का तपासा. पीई या फ्लुरोसंट रंगाच्या चॅनलमध्ये अचानक काहीतरी उगवलं तर पीई-सीवाय७ वाली ट्यूब उजेडात राहिली होती का विचारा, तो टँडम (पीईला सीवाय७ जोडून बनवलेला रंग) तुटला की सिग्नल पीईमध्ये जातो. गेट कुठे लावायचा हे एफएमओ कंट्रोलवरून (एक रंग सोडून बाकी सगळे लावलेल्या सॅम्पलवरून) ठरवा, आयसोटाइपवरून (ठराविक लक्ष्य नसलेल्या, त्याच प्रकारच्या अँटीबॉडीवरून) नाही.

दुसरी मोठी फसगत एंडोटॉक्सिनची, म्हणजे ई. कोलायसारख्या बॅक्टेरियाच्या आवरणातल्या एलपीएसची. ई. कोलायमध्ये बनवलेलं प्रोटीन मॅक्रोफेजवर टाकलं, टीएनएफ (जळजळ वाढवणारं सिग्नल प्रोटीन) भरपूर आलं, लगेच 'आमचं प्रोटीन इम्यून सेल ॲक्टिव्हेट करतं' अशी स्टोरी तयार. प्रोटीन उकळून परत टाकून बघा ना! बहुतेक प्रोटीन उकळल्यावर निकामी होतात, एलपीएस मात्र टिकतं. उकळूनही तेवढंच टीएनएफ येत असेल तर आधी एलपीएसवर संशय घ्या, पॉलिमिक्सिन बी (ते एलपीएसला बांधून निकामी करतं) घालून किंवा टीएलआर४ (एलपीएस ओळखणारा रिसेप्टर) नसलेल्या सेलवर करून बघा. हा कंट्रोल पहिल्या आठवड्यात करायचा असतो, पेपर लिहिताना नाही.

उंदरांच्या बाबतीत नॉकआउट (एखादा जीन काढलेले) एकीकडून आणि वाइल्ड टाइप (जीन न बदललेले) दुसरीकडून आणले की जीनचा फरक कुठला आणि आतड्यातल्या बॅक्टेरियाचा कुठला ते कळेनासं होतं. सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया असले की आतड्यात टीएच१७ सेल (टी सेलचा एक प्रकार) वाढतात, आणि ते कोणत्या सप्लायरच्या उंदरात आहेत यावर रिझल्ट बदलतो हे २००९ मध्येच दिसलं होतं. म्हणून लिटरमेट (एकाच आईची एकाच वेळची पिल्लं) वापरा, एकाच पिंजऱ्यात ठेवा. जेनेटिक बॅकग्राउंडही तपासा: कॅस्पेज-१ या एन्झाइमचे नॉकआउट उंदीर वर्षानुवर्षं वापरले गेले आणि २०११ मध्ये कळलं की त्यांच्यात कॅस्पेज-११ पण नाहीये, कारण ते १२९ नावाच्या उंदरांच्या स्ट्रेनच्या सेलमधून बनवलेले होते आणि त्या स्ट्रेनमध्ये तो जीन आधीच बिघडलेला होता. किती निष्कर्ष परत तपासावे लागले असतील विचार करा.

एका उंदराच्या स्प्लीनचे सेल प्लेटच्या तीन वेलमध्ये टाकले म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) तीन नाही, एन एकच.

आणि गाइड निवडताना पब्लिकेशनची लिस्ट बघताच, पण त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोघातिघांना फोन करा आणि सरळ विचारा, रिझल्ट निगेटिव्ह आला की लॅब मीटिंगमध्ये काय होतं? निगेटिव्ह रिझल्ट दाखवायला मुलं घाबरत असतील तर वर सांगितलेले कंट्रोल तिथे कोणी करत नसणार.