फायर असेसमेंटला जायच्या आधी काय काय तयारी ठेवायची, बडोद्याच्या हिशोबाने

ट्रस्टच्या हॉलवर, शाळेत, नाहीतर मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या कंपनीत "फायरचं जरा तुम्हीच बघा ना" असं म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी लिहितेय. आधीच सांगते, आपण आग विझवायचे लाल सिलिंडर मोजायला जात नाही, ते रिफिलिंगवाला येऊन मोजतोच आणि बिलात दोन जास्तीचे पण मोजतो. आपल्याला बघायचं असतं ते एवढंच, की इथे आग लागली तर कुठून लागेल, तेव्हा आत कोण कोण असेल, आणि ती माणसं धूर भरायच्या आत रस्त्यावर पोचतील का. सिलिंडर सगळ्यात शेवटी.

निघायच्या आठवडाभर आधी फोन करून कागद मागवून ठेवा. पास झालेला नकाशा, फायर एनओसी (फायर खात्याचं ना-हरकत पत्र) आणि तिची मुदत, मागचा रिपोर्ट असेल तर तो, रिफिलिंगचं रजिस्टर, मॉक ड्रिल, म्हणजे आग लागल्याचा सराव, कधी झालं त्याची नोंद आणि लाइट बिल. लाइट बिल कशाला असं प्रत्येक जण विचारतो, तर बिलावर मंजूर लोड लिहिलेला असतो आणि नंतर लावलेले एसी, गीझर, ओव्हन, सर्व्हर मोजले की वायरिंगवर किती ओझं पडतंय ते घरबसल्या कळतं. नकाशा ए-थ्री साइजमध्ये प्रिंट काढून घ्या, मोबाइलवर झूम करत फिरलात की निम्मं सुटतं. नकाशात जे नाहीये पण जागेवर आहे त्यावर लाल पेन चालवायचं, म्हणजे नंतर टाकलेलं पार्टिशन, माळा, गच्चीवरची शेड, पार्किंगचं झालेलं गोडाऊन. "एनओसी आहे ना, मग परत हे काय" असं ऐकवतात, तर एनओसी त्या दिवशीच्या बिल्डिंगची असते, त्यानंतर तिथे काय काय झालं ते त्या कागदाला माहीत नसतं. नियमासाठी गुजरातचा २०१३ चा फायर प्रिव्हेन्शनचा कायदा आणि नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा चौथा भाग डोळ्याखालून घाला, सगळा पाठ करायची गरज नाही.

त्याच फोनवर एक गोष्ट ठणकावून सांगायची, "आवरून ठेवू नका." तरीही आवरतातच, पण सांगायचं.

वेळ कोणती घ्यायची यावर अर्धं काम ठरतं आणि इथेच लोक चुकतात, सकाळी अकराला चहा पिऊन रिकाम्या हॉलमधून चक्कर मारतात आणि सगळं छान दिसतं. लग्नाची वाडी असेल तर लग्नाच्या दिवशीच जा, जेवण सुरू असताना, तेव्हाच कळतं की बुफेची टेबलं बाजूच्या दाराला लावलेली असतात. शाळा असेल तर सुट्टीच्या घंटेला जिन्यात उभं राहून बघा, कारखाना असेल तर शिफ्ट बदलताना, मंगळबाजारच्या बाजूचं कपड्याचं दुकान असेल तर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. हॉस्पिटलला रात्रीच जायचं, वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी एवढ्याच असतात आणि उठून चालू न शकणारे पेशंट किती ते मोजायचं. अहमदाबादला ६ ऑगस्ट २०२० ला कोविड हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागून ८ पेशंट गेले, ते पहाटेच घडलं होतं. ऑक्सिजनवरचा पेशंट कोण हलवणार, कुठल्या जिन्याने, आणि नेऊन ठेवणार कुठे, हे तिन्ही प्रश्न रात्रीच्या ड्युटीवाल्यांना विचारायचे, अ‍ॅडमिनवाल्यांना नाही.

बॅगेत फार काही लागत नाही. चांगला टॉर्च, मोबाइलचा नाही, कारण मोबाइल फोटोत गुंतलेला असतो. मोजपट्टी, जमलं तर लेझरवाली. सामान तोलायचा हुकवाला काटा, हा का ते पुढे सांगते. वही-पेन, पॉवर बँक, पुढून बंद असलेले बूट, मास्क, कारण बेसमेंटच्या गोडाऊनमधली धूळ सहन होत नाही. आवाज मोजायचं अ‍ॅप टाकून ठेवा, अचूक नसतं पण अंदाज येतो, अलार्मचा आवाज निदान ६५ डेसिबल तरी हवा किंवा तिथल्या नेहमीच्या गोंगाटापेक्षा ५ ने जास्त, आणि जिथे लोक झोपतात तिथे उशाशी ७५. इलेक्ट्रिक पॅनल उघडून आत हात घालायचा नाही, त्यासाठी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन सोबत घ्या.

पोचलात की लगेच आत शिरू नका, आधी बाहेरून एक फेरी. मांडवी, रावपुरा, चांपानेर दरवाजा या भागात गल्ल्या अशा आहेत की दांडिया बाजारचं फायर स्टेशन हाकेच्या अंतरावर असूनही बंब दारापर्यंत येईलच असं नाही. मग बंब कुठे थांबेल ते ठरवा आणि तिथून इमारतीच्या लांबच्या टोकापर्यंत पावलं मोजा, होजचा, म्हणजे बंबाच्या पाण्याच्या पाइपचा, एक तुकडा साधारण १५ मीटरचा धरला तर किती जोडावे लागतील ते तिथल्या तिथे निघतं. पोळातल्या (जुन्या गल्ल्यांच्या वस्तीतल्या) लाकडी वाड्यात क्लास किंवा ऑफिस चालवत असतील तर हा हिशोब मालकाला लिहूनच द्या, म्हणजे टाकीतलं पाणी आणि इमारतीतलाच होज रील (गुंडाळलेला पाण्याचा पाइप) किती महत्त्वाचा ते त्यांच्या डोक्यात शिरतं. बाहेरूनच वर पण बघा, खिडक्यांवर फ्लेक्स किंवा एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचं चकचकीत पॅनल) मारलंय का, कारण दर्शनी बाजू चकाचक करायच्या नादात खिडक्याच गायब होतात आणि मग धूर जायला वाट नाही, माणूस बाहेर काढायला पण नाही.

आता बाहेर पडायचे रस्ते, आणि इथे भरपूर वेळ द्या. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसा, तिथून उठा आणि चालत रस्त्यावर या, हॉलच्या दाराशी थांबायचं नाही. वाटेत प्रत्येक दार हाताने उघडून बघायचं, "उघडतं हो" यावर विश्वास नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं, कारण आत उघडणारं दार मागून गर्दी रेटायला लागली की उघडतच नाही. कोडप्रमाणे बाहेर पडायचं दार निदान १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच हवं, गर्दीच्या हॉलला रुंदी २ मीटर. एकदा एका हॉलच्या मागच्या दाराला साखळी आणि मोठ्ठं कुलूप होतं, वॉचमन काकांना विचारलं, "काका, आ दरवाजो केम बंद छे?" तर म्हणाले, "चोरी थाय छे ने बेन, चप्पल पण लई जाय छे." चावी कुणाकडे, तर मॅनेजरकडे, मॅनेजर कुठे, तर आणंदला. हे संभाषण रिपोर्टमध्ये जसंच्या तसं घाला, कुठल्याही कलमापेक्षा ट्रस्टींना तेच लागतं. तोडगा पण तिथेच सुचवायचा, आतून दांडा दाबला की उघडणारी पॅनिक बार बसवा, बाहेरून कुणी येऊ शकत नाही आणि आतून कुणी अडकत नाही.

दिल्लीचं उपहार थिएटर आठवत असेल, १३ जून १९९७, ५९ माणसं. आग खाली पार्किंगच्या बाजूला ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि माणसं गेली वर बाल्कनीत, कारण जास्तीच्या सीट टाकताना जायची वाट बंद केली होती. म्हणून खुर्च्या मोजताना जास्तीच्या खुर्च्या कुठे टाकतात ते वेगळं विचारा. सुरतचं तक्षशिला, २४ मे २०१९, २२ मुलं, वरच्या मजल्यावर क्लास आणि चढायला लाकडी जिना. आपल्या अलकापुरी, सयाजीगंजात वरच्या मजल्यांवर किती क्लासेस चालतात ते सांगायला नको, तिथे गेलात की आधी जिने किती आणि ते कशाचे बनलेत एवढं लिहा, एकच असेल तर बाकी मुद्दे दुय्यम. जिन्याखाली मीटरची पेटी असते का बघा, जवळजवळ प्रत्येक जुन्या इमारतीत असते, आणि तिच्यासमोर जुनी कपाटं, झाडू, रद्दी, बंद पडलेली स्कूटर. आग लागायची शक्यता जास्त तिथेच, आणि पळायची एकुलती एक वाट पण तिथूनच. गच्चीचं दार, खिडकीच्या जाळ्या, विटेने उघडं अडकवून ठेवलेलं फायर डोअर (आग-धूर अडवणारं दार), हे भराभर बघून फोटो काढा. संध्याकाळी थांबता आलं तर सगळ्यांना सांगून मेन स्विच बंद करायला लावा आणि इमर्जन्सी लाइट खरंच लागतात का बघा, निम्मे लागत नाहीत असं धरूनच चला.

आग कुठून लागेल याची यादी जागेवर करायची, घरून छापून नेलीत तर फक्त टिका मारल्या जातात. एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेला दुसरा बोर्ड, काळवंडलेला प्लग, यूपीएसची खोली, चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटर, देवघरातली समई. किचनमध्ये आधी विचारा पाइपचा गॅस की बाटला. आपल्याकडे दोन्ही असतात, आणि एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून खाली जमिनीलगत साचतो, पाइपचा गॅस हलका म्हणून वर जातो, त्यामुळे गॅसचा डिटेक्टर कुठे लावलाय ते त्यावरून तपासायचं, उलटा लावलेला असतो बऱ्याचदा. १९ किलोचे कमर्शियल बाटले मोजा, भरलेले-रिकामे दोन्ही, १०० किलोच्या वर एलपीजी गेला की लायसन्सचा प्रश्न येतो आणि केटरर लग्नाच्या दिवशी सहज तेवढे आणतो. चिमणीच्या डक्टमध्ये बोट फिरवा, बोटाला तेलाचा थर लागला तर लिहा. बाहेर सेव उसळची लारी, म्हणजे हातगाडी, भिंतीला चिकटून लावत असतील तर ती पण आपल्याच यादीत, ती रस्त्याची म्हणून सोडायची नाही.

वेल्डिंगचं वेगळं विचारा. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ ला २७ जण गेले तेव्हा आत वेल्डिंगचं काम चालू होतं, एनओसी नव्हती आणि इंधन पण आतच साठवलेलं होतं. कुणीही ग्राइंडर, वेल्डिंग, कटर आणला तर परवानगीचा कागद कोण सही करतं, आजूबाजूचं सामान कोण हलवतं, आणि काम संपल्यावर निदान तासभर तिथे कोण बसतं, या तीन नावांची उत्तरं हवीत. "कॉन्ट्रॅक्टर बघतो" हे उत्तर म्हणजे कुणी बघत नाही.

आता सिलिंडर. ठळक जागी आहे का, १५ मीटरच्या आत हाताला येतो का, दाबाचा काटा हिरव्यात आहे का, पिन आणि सील शाबूत का, मुदत कधीची. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला दाबाचा काटाच नसतो, तो तोलूनच कळतो, म्हणून बॅगेत तो तोलायचा हुकवाला काटा, लेबलवर लिहिलेल्या गॅसपैकी १० टक्क्यांहून जास्त कमी भरला तर रिफिलला पाठवा. हायड्रंटच्या (होज जोडायच्या पाण्याच्या नळाच्या) पेटीत नोझल, म्हणजे पाइपचं तोंड, आहे का बघा, पितळेचं असतं म्हणून चोरीला जातं. फायर अलार्मचा पॅनल बीप करतोय म्हणून आवाज बंद करून ठेवलाय का, रंगकाम झाल्यावर धुराच्या डिटेक्टरवरची प्लॅस्टिकची टोपी तशीच आहे का, छतातून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या लाल बल्बवर रंग फासलाय का. तो बल्ब ६८ डिग्रीला फुटायचा असतो, रंगाने उशीर होतो. त्याच्या खाली निदान अर्धा मीटर मोकळं हवं, गोडाऊनमध्ये छतापर्यंत खोके लावलेले असतात.

माणसांशी बोलायला वेगळा वेळ ठेवा आणि मोठ्या साहेबांसोबत बोलू नका. चहावाला मुलगा, सफाईवाल्या मावशी, रात्रीचा वॉचमन, यांना विचारा की आग दिसली तर पहिलं काय करशील, १०१ माहीत आहे का, बाहेर पडून सगळ्यांनी उभं कुठे राहायचं. बहुतेक जण म्हणतात "साहेबांना फोन करीन", ते तसंच लिहायचं.

रिपोर्ट त्याच रात्री लिहा, दोन दिवसांनी कुठला फोटो कुठल्या मजल्याचा ते आठवत नाही. शक्यता गुणिले नुकसान असं टेबल करतात ते करा हवं तर, पण आकडे मालकाच्या तोंडाकडे बघून खाली येतात हे मी बघितलंय, त्यापेक्षा आज, या आठवड्यात, या महिन्यात असे तीन भाग सरळ पडतात आणि प्रत्येक मुद्द्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. कुलूप काढणं, जिना रिकामा करणं, दाराजवळची टेबलं हलवणं हे आजमध्ये, याला पैसा लागत नाही त्यामुळे बजेटची सबब चालत नाही. मोठा रिपोर्ट ट्रस्टींना मराठीत द्या नाहीतर इंग्लिशमध्ये, पण फोटोसकट एक पानी गुजरातीत काढून वॉचमन काकांच्या टेबलावर चिकटवा, दार उघडं ठेवायचं काम शेवटी त्यांचंच आहे. आणि दुसरी चक्कर श्रावण संपायच्या आत लावून घ्या, एकदा गणपतीचे, मग नवरात्रीचे मंडपवाले आले की त्याच हॉलमध्ये कापड, हॅलोजन, जनरेटर आणि दुप्पट माणसं येतात, तेव्हा जुना रिपोर्ट बाजूला ठेवून दारापासून परत सुरुवात.