डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे: न्यू जर्सीत मुलाला शाळेत घालताना

माझे वडील कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. २०११ साली आम्ही प्लेन्सबरोला आलो आणि ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा शब्द कानावर पडला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सातारा जिल्हा परिषद, शिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख अशी सगळी उतरंड उभी राहिली. इथे तसं नाही. इथला जिल्हा म्हणजे काउंटी, आणि तिचा तुमच्या मुलाच्या वर्गाशी जवळजवळ संबंध येत नाही. डिस्ट्रिक्ट बहुतेक एका गावाचा असतो, कधी शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून चालवलेला. एकट्या न्यू जर्सीत असे सुमारे ६०० आहेत. आमचा वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो दोन गावांचा आहे, आणि ती दोन गावं दोन वेगळ्या काउंटींत मोडतात. शाळा दहा: लहान मुलांच्या चार, मग पाचवीपर्यंतच्या दोन, सहावी ते आठवीच्या दोन आणि दोन हायस्कुलं. त्यांतलं ‘साउथ’ जुनं, ‘नॉर्थ’ १९९७ साली सुरू झालं.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दर उन्हाळ्यात दोन-चार मराठी घरं नव्याने येतात आणि तेच प्रश्न घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

घराच्या लीजवर सही करायच्या आधी शाळा बघा, नंतर नाही. मूल कुठल्या शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावरून ठरतं, आणि पोस्टाचा पत्ता इथे फसवतो. ०८५४० हा प्रिन्स्टनचा पिनकोड. पण तो वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, लॉरेन्स, साउथ ब्रन्सविक इथल्या काही घरांनाही आहे. पत्त्यात प्रिन्स्टन लिहिलंय म्हणून मूल प्रिन्स्टनच्या शाळेत जाईल असं नसतं. घराचा मालमत्ता कर कोणत्या गावाला जातो ते विचारा. मग घर नंबर आणि रस्त्याचं नाव घेऊन डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करा आणि शाळा कोणती ते विचारून घ्या. घर दाखवणाऱ्या एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. शाळेला फी नसते, पण तिचा मोठा खर्च त्याच करातून निघतो. भाडेकरू असलात तरी तो तुमच्या भाड्यात धरलेला असतो. म्हणून तिथे संकोचाने उभं राहू नका.

नावनोंदणीला लीज, वीजबिलासारखे राहण्याचे पुरावे, मुलाचा जन्मदाखला आणि आधीच्या शाळेचे कागद न्या. आपली मंडळी इथे पासपोर्टमधलं व्हिसाचं पान उघडून पुढे करतात. त्याची गरज नाही. डिस्ट्रिक्टमध्ये खरोखर राहणाऱ्या पाच ते वीस वर्षांच्या मुलाला शाळा मोफत आहे, आणि स्थलांतराचा दर्जा काय, यावर प्रवेश अडवता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९८२ सालीच स्पष्ट केलं आहे. किंडरगार्टनसाठी बहुतेक डिस्ट्रिक्टांत १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात. त्यामुळे तिकडे सीनियर केजी झालेलं मूल इथे पुन्हा केजीत बसू शकतं. बसू द्या.

लसींचं मात्र विमानात बसायच्या आधी बघा, कारण सगळ्यात जास्त धावपळ इथेच होते. पहिली गोष्ट तारखांची. आपल्या कार्डावर ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट, इथली नर्स ते आठ मे वाचते. डॉक्टरांकडून महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलेली इंग्रजी यादी सही-शिक्क्यासह घ्या. दुसरी गोष्ट गोवराची. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, आणि वाढदिवसाच्या आधीचा डोस इथे धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरचे दोन डोस लागतात. शिवाय सरकारी दवाखान्यातली एमआर लस गोवर-रुबेलाची असते, तिच्यात गालगुंड नसतं. इथे तेही लागतं. तिसरी कांजिण्यांची लस. ती आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांची राहून गेलेली असते. पोलिओ आणि ट्रिपलचा निदान एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा आहे का, तेही पाहा. भारतातून थेट आलेल्या मुलाला क्षयाची चाचणी सांगतात. बीसीजी घेतलेल्या मुलाची हातावरची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि आई-बापांच्या जिवाला घोर. डॉक्टरांना सांगून रक्ताची चाचणी करून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. नोंदणीच्या कागदांत एक पान असतं: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरात काय बोलता. मी तिथे ‘इंग्रजी’ लिहिलं. मला वाटलं, मराठी लिहिलं तर पोराला मागे बसवतील. माझा मुलगा सहा वर्षांचा होता, कराडच्या बालवाडीतून आलेला. वर्गात तो डिसेंबरपर्यंत जवळजवळ गप्प होता. ते पान मागे बसवण्यासाठी नसतं. त्यावरून मुलाच्या इंग्रजीची चाचणी घेतात आणि गरज असेल तर इंग्रजी शिकवायला वेगळे शिक्षक देतात, तेही त्याच शाळेत आणि बिनपैशांनी. तिथे ‘मराठी’ लिहा. हायस्कूल संपताना हीच मराठी परीक्षेत सिद्ध करून मुलांना पदविकेवर राज्याची द्विभाषिकतेची मोहोरही घेता येते.

बसचा नियम सोपा आहे. आठवीपर्यंत घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल, हायस्कूलला अडीच मैलांहून, तर बस देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं राज्य अधिवेशन असतं, तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी. ती तुमच्या कामाच्या ठिकाणी आधीच सांगून ठेवा.

गणिताबद्दल आपल्या घरांत फार घाई असते. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये २०१५ साली सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. त्या सुमारास हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरल्या, चौथी-पाचवीचं पुढचं गणित काढलं. पालकांत सरळ दोन बाजू पडल्या, आणि आपले बरेच लोक विरोधात होते. मला ते पत्र पटलं होतं, आजही पटतं. नव्याने आलेल्यांना माझं एवढंच सांगणं: पहिलं वर्षभर बाहेरच्या गणिताच्या क्लासला नाव घालू नका. वर्गात गणित कसं शिकवतात ते आधी वहीत बघा.

डिस्ट्रिक्ट चालवतं ते निवडून आलेलं शाळा मंडळ. आमच्याकडे नऊ सभासद आहेत आणि त्यांना मानधन नाही. त्यांच्या सभा कायद्याने खुल्या असतात. मत द्यायला नागरिकत्व लागतं, बोलायला लागत नाही. लोकांसाठी ठेवलेल्या वेळेत उठायचं, आपलं नाव आणि गाव सांगायचं, एकच मुद्दा मांडायचा. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा चार वाक्यं कागदावर लिहून नेली होती.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मुलगा दुसरीत असताना नोव्हेंबरच्या पालकभेटीत बाई म्हणाल्या की वाचताना तो फार अडखळतोय, तपासणीचा विचार करा. मी वर्ष घालवलं. ‘स्पेशल’ हा शब्द कानाला लागला होता, सासरी काय सांगायचं हाही प्रश्न होता. ते वर्ष त्याचं गेलं, माझं नाही. म्हणून कळकळीने सांगते, शंका आली की तोंडी बोलून थांबू नका, लेखी मागा. ‘माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी व्हावी’ एवढं एक वाक्य, त्याचं नाव, इयत्ता, आजची तारीख. मुख्याध्यापक आणि चाइल्ड स्टडी टीमला ईमेल. अर्ज पोचल्यापासून वीस दिवसांत त्यांना तुमच्याबरोबर बैठक घ्यावी लागते. शाळेच्या सुट्ट्या यात धरत नाहीत, पण उन्हाळ्याची सुट्टी धरतात, म्हणून जूनमध्येही अर्ज करा. टीममध्ये मानसशास्त्रज्ञ, अध्ययनतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ते असतात. तुमच्या सहीशिवाय पहिली तपासणी सुरू होत नाही, आणि तिचे पैसे पडत नाहीत.

लेखी मागितलं तर बाईंचा अपमान होईल असं मनात आणू नका. आपल्या गावात मास्तरांना पत्र म्हणजे तक्रार. इथे ते नेहमीचं काम आहे. माझा ईमेल गेला त्याच दिवशी वर्गशिक्षिकेने ‘बरं केलंत’ असं उत्तर धाडलं.

निर्णयाच्या बैठकीआधी किमान दहा दिवस सगळे अहवाल तुमच्या हातात यायला हवेत. ते दहा दिवस वापरा. रोज रात्री दोन-तीन पानं वाचा, न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा, त्या रेघा घेऊनच बैठकीला जा. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा हवा असं आधी कळवा, त्याची सोय डिस्ट्रिक्टने करायची असते. सही तिथेच करायची गरज नसते. ‘घरी वाचून देते’ असं म्हणून मी कागद पिशवीत घातले होते, आणि मुलाचे बाबा कामावरून आल्यावर आम्ही ते जेवणाच्या टेबलावर पसरून पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले.