दीड गुंठ्यावर घर बांधताय? परवानगीचं काम असं करा

'छोट्या प्लॉटला आता परवानगी लागत नाही,' असं गवंड्यापासून मेहुण्यापर्यंत सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

डिसेंबर 2020 मध्ये राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे 'यूडीसीपीआर', आणली. बृहन्मुंबई, एमआयडीसी अशी काही क्षेत्रं सोडली तर ती बहुतेक राज्याला लागू आहे. तिच्यानुसार 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नकाशे, कागद आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी. 150 ते 300 चौरस मीटरला आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रावर 10 दिवसांत परवानगी. पूर्वी पालिकेचा अभियंता नकाशातली रेघ न् रेघ तपासायचा. आता तो भार तुमच्या आर्किटेक्टच्या सहीवर आला आहे. पण नियम मोडला तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची, म्हणजे बेकायदा बांधकाम पाडण्याची, नोटीस अभियंताच काढणार, आणि ती तुमच्या नावाने.

तर आधी प्लॉट मोजा. दीड आर म्हणजे बरोबर 150 चौरस मीटर, पण दीड गुंठा म्हणजे सुमारे 151.8! बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. दोन मीटरसुद्धा नाहीत, तरी फाइल वरच्या गटात जाते. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, काढा आणि त्यातलाच आकडा अर्जात घाला.

मग लेआउट, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडलेला नकाशा, मंजूर आहे का ते पाहा. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर आधी नियमितीकरण. गुंठेवारी कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने ही सोय 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला मिळाली आहे. झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते) आणि भाग नकाशाही (विकास आराखड्याचा तुमच्या प्लॉटपुरता तुकडा) याच वेळी मागा. प्लॉटमधून विकास आराखड्यातला रस्ता जात असेल तर ते पाया खणल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

आर्किटेक्ट निवडताना 'सगळं मी बघतो' म्हणणाऱ्याला जरा जपून. चारही बाजूंना किती जागा सोडायची ते त्याच्याकडून नकाशावर लिहून घ्या आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

अर्ज ऑनलाइन भरा, पोच जपा. परवानगी लागणाऱ्या फाइलवर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 45(5) प्रमाणे ती मिळाली असं मानलं जातं. मात्र पालिकेने मध्ये माहिती मागवली असेल तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजायचे, आणि नकाशा नियमात बसलेला हवा. अशा मानलेल्या परवानगीच्या जोरावर थेट काम सुरू करू नये, असं माझं मत. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत टळल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. विनाकारण उशीर ठरला तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होतो. अपिलाआधी एकदा अभियंत्याला भेटा. अनेकदा एखादा कागद अपलोडच झालेला नसतो.

परवानगी एक वर्ष चालते, पुढे दरवर्षी वाढवून घेत आणखी तीन वर्षं.

जोतं झालं की थांबा. जोत्याचा दाखला मिळेपर्यंत भिंत चढवू नका. पाया एक फूट सरकला असेल तर तो इथेच दुरुस्त होतो. गवंडी घाई करेल, त्याला पुढचं काम हवं असतं. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज, आणि सामान हलवायचं ते हातात आल्यावर.