‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणण्याआधी या चुका टाळा

औषधांच्या दुकानात २६ वर्षे उभे राहिल्यावर चिठ्ठीआधी गिऱ्हाइकाच्या हातांकडे पाहण्याची सवय लागते. बोटांची सालपटे निघालेली असतात किंवा मानेवर पुरळ उठलेले असते, आणि मागणी ठरलेली असते: शेजारणीला लागू पडलेली खाजेची ट्यूब. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक ही तिन्ही औषधे एकत्र असतात. दोन दिवसांत खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. पण मुळात तो नायटा असेल तर त्याचे रूप झाकले जाऊन तो पसरत राहतो, चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, आणि त्यातल्या निओमायसिनसारख्या प्रतिजैविकाचीच अ‍ॅलर्जी असेल तर औषधानेच दुखणे वाढते. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. त्यामुळे काही जण समोरच्या दुकानात जातात, जावोत.

मला खरा राग येतो तो दुसऱ्या चुकीचा, म्हणजे दोष भलत्याच वस्तूवर ढकलण्याचा. त्वचेवरची अ‍ॅलर्जी बहुधा संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी उठते, म्हणून काल खाल्लेल्या वांग्यावर आळ येतो आणि परवा वापरलेली वस्तू नामानिराळी राहते. ‘हे तर मी वीस वर्षे वापरते’ या म्हणण्यालाही अर्थ नाही, कारण वर्षानुवर्षे सोसलेल्या वस्तूचीही एके दिवशी अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते.

माझी मावशी खानावळ चालवत असे. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांच्या टोकांना अशा भेगा पडल्या की भाकरी थापताना ती ओठ घट्ट मिटून घेई. तिने वांगे सोडले, भांड्यांचा साबण तीनदा बदलला, आणि सांगायला लाज वाटते, पण मीही तिला दोनदा क्रीम बदलून दिले. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी विचारले, “साबणाने झाले असते, तर उजवा हात कसा सुटला?” मग त्यांनी तिला लसूण सोलण्याचा अभिनय करायला सांगितला. डाव्या चिमटीत पाकळी, उजव्या हातात सुरी, आणि रोजचा दीड किलो लसूण! हातमोजे घालूनही तिला फरक पडला नाही, कारण लसणातले अ‍ॅलर्जी करणारे द्रव्य बहुतेक हातमोज्यांतून आरपार जाते. सोलण्याचे काम मदतनीस बाईंकडे दिल्यावरच दोन महिन्यांत बोटे भरून आली. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो: कोणता हात, नेमकी कोणती जागा, आणि त्याआधीच्या तीन दिवसांत काय काय हाताळले?

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. अंगठीखाली साबण अडकून राहतो आणि बिचाऱ्या सोन्याला नावे ठेवली जातात. भांडी घासण्यापूर्वी ती काढून ठेवावी. मंगळसूत्रात अडकवलेल्या सेफ्टी पिनेतले निकेल मानेवर पुरळ उठवू शकते, आणि खोट्या दागिन्यांना आतून नेलपॉलिश लावण्याची युक्ती लेप उडेपर्यंतच टिकते. केसांच्या कलपाची ४८ तासांची चाचणी पाकिटावर छापलेली असते, तरी लग्नाच्या आदल्या रात्री तो थेट डोक्याला लावणारे दरवर्षी सुजलेल्या पापण्या घेऊन येतात. त्यांना मी थेट डॉक्टरांकडे पाठवतो. खाजणाऱ्या जागी कढत पाणी, लिंबू किंवा पाणी न घातलेले जंतुनाशक लावू नये. साधी पेट्रोलियम जेली हात धुतल्यावर प्रत्येक वेळी लावावी, आणि त्वचा बरी दिसू लागल्यावरही काही आठवडे लावत राहावी; नेमके तेव्हाच लोक ती बंद करतात.

पॅच टेस्टचेही तेच होते, म्हणजे संशयित पदार्थ पट्ट्यांवरच्या लहान चौकोनांत ठेवून पाठीला चिकटवायचे आणि अ‍ॅलर्जी कशाची ते पाहायचे, त्या चाचणीचे. पाठीवरच्या पट्ट्या ४८ तास ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही, हे लोक कसेबसे पाळतात. पण पट्ट्या निघाल्या की काम झाले असे समजून एक-दोन दिवसांनंतरची दुसरी तपासणी चुकवतात. मावशीने भर मे महिन्यात ओल्या पंचाने अंग पुसून दिवस काढले. पट्ट्या काढल्या तेव्हा लसणाच्या चौकोनात जेमतेम लाली होती. दुसऱ्या तपासणीला तिथेच खाजरा, उंचवटा आलेला डाग उठला होता, आणि साबणाचे सारे चौकोन कोरे होते.