लिव्हर एकीकडचा, ब्रेक भलतीकडचा: रोड बाइकवाल्यांनो, या चुका टाळा

"ब्रेक नीट लागत नाही, कुठले पॅड घेऊ?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी उत्तर देतच नाही, आधी उलट विचारतो, लिव्हर (म्हणजे हँडलवर बोटांनी दाबायचा ब्रेकचा दांडा) कुठला आणि ब्रेक कुठला? समोरून बहुतेक वेळा "दोन्ही शिमानोच आहे की", म्हणजे एकाच कंपनीचं, एवढंच येतं, आणि तिथेच कळतं की पॅड बदलून काही होणार नाहीये.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, मग पुढचं सगळं सोपं जातं. लिव्हर दाबला की तो वायर ओढतो आणि ओढताना तुमच्या बोटांचा जोर वाढवून देतो. पण हे दोन्ही एकाच वेळी भरपूर मिळत नाही. पहारीनं दगड उचकटताना टेकू दगडाच्या जवळ सरकवला की जोर कमी लागतो पण दगड जेमतेम हलतो, अगदी तसंच. जास्त वायर ओढणारा लिव्हर कमी जोर देतो, कमी ओढणारा जास्त देतो. ब्रेकचंही तसंच आहे, काही ब्रेकना रिमपर्यंत यायला थोडी वायर पुरते, काहींना जास्त लागते पण त्या बदल्यात ते जोर जास्त लावतात. म्हणून जास्त ओढणारा लिव्हर जास्त मागणाऱ्या ब्रेकला आणि कमी ओढणारा कमी मागणाऱ्याला. बाकी दिसायला कसा आहे, किती हलका आहे, कुठल्या रंगाचा आहे हे सगळं नंतर.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. शिमानोचे नवे लिव्हर आणि शिमानोचेच जुने कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ बसून रिमला दोन्हीकडून दाबणारा ब्रेकचा चिमटा. लोकांना वाटतं कंपनी एक म्हणजे सगळं जुळतं. नाही जुळत. ड्युरा-एस, अल्टेग्रा, १०५ या शिमानोच्या रोड बाइकच्या पार्टांच्या मालिका, पुढचा आकडा म्हणजे पिढी. २००८ मध्ये ड्युरा-एस ७९०० आला तेव्हा शिमानोनं लिव्हर किती वायर ओढणार हेच बदललं, मग अल्टेग्रा ६७०० आणि १०५ चा ५७०० पण त्याच वाटेनं गेले. आधीच्या जोडीचं नाव सुपर एसएलआर, नंतरच्या जोडीचं न्यू सुपर एसएलआर. नवा लिव्हर जास्त वायर ओढतो आणि नवा कॅलिपर तेवढी मागतो. दोन्ही कॅलिपर ड्युअल पिव्हट (दोन बिजागऱ्यांवर फिरणारे), दोन्ही शेजारी ठेवले तर लांबून फरक सांगता येणार नाही, बोल्टही एकाच भोकात बसतो. म्हणजे बसतंय सगळं, आणि खरा घोळ त्यातच आहे, कारण बसलं की माणूस पुढचा विचार करत नाही.

आमच्यासोबत राइडला येणाऱ्या एका पोरानं असंच केलं. १०५ च्या जुन्या ५६०० पिढीची पूर्ण सायकल होती, चांगली चालत होती. पण त्या लिव्हरच्या गिअरच्या वायरी बाजूनं बाहेर निघतात, त्या त्याला बघवत नव्हत्या, हँडलच्या टेपखालून गेलेल्या पाहिजे होत्या. कुणाकडून तरी वापरलेले ५७०० चे लिव्हर स्वस्तात मिळाले, रात्रीत बसवले, सकाळी हजर. पहिल्या राइडलाच म्हणाला लिव्हर एकदम कडक लागतोय, भारी वाटतंय. मला तेव्हाच शंका आली होती, पण त्याला ऐकायचंच नव्हतं, कारण ब्रेक कडक म्हणजे ब्रेक चांगला हा समज डोक्यात पक्का. मग हळूहळू तक्रारी सुरू. ब्रेक लागतो पण थांबत नाही. पॅड बदलले. मग महागातले पॅड घेतले. मग वायर आणि आउटर (वायरीवरचं बाहेरचं आवरण) बदलला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून रिमला पॉलिश पेपर मारला, तो इतका मारला की रिमची झीज दाखवणारी खाच पण पुसट झाली. हे सगळं चालू असताना एका उतारावर वळण आलं, आम्ही सगळे आरामात वेग कमी करून वळलो आणि हा सरळ गेला, रस्ता सोडून मातीत. नशीब पलीकडे सपाट होतं. हाताला खरचटलं आणि पुढचं चाक आउट झालं, म्हणजे डगमगत फिरायला लागलं, एवढ्यावर निभावलं.

त्या दिवशी थांबून त्याच्या लिव्हरचं रबर मागे दुमडलं, आत एसटी-५७००, म्हणजे नवा लिव्हर. कॅलिपरच्या मागे बघितलं, बीआर-५६००, म्हणजे जुना कॅलिपर. झालं. जास्त वायर ओढणारा पण कमी जोर देणारा लिव्हर, आणि समोर कमी जोर लावणारा कॅलिपर. दोन्हीकडून जोर कमीच, म्हणून लिव्हर लाकडासारखा कडक आणि ब्रेक पोकळ. ५७०० चे कॅलिपर टाकले, पॅड त्याचे तेच ठेवले, आणि ब्रेक लागायला लागला. पॅड, वायर, पॉलिश पेपर यांवर घातलेल्या पैशात कॅलिपर आधीच आले असते, पण घाईवाल्याला हे सांगून उपयोग नाही, त्याचा पार्ट कुरिअरनं निघालेला असतो आणि मग तो विचारतो चालेल का.

उलटी जोडी म्हणजे जुना लिव्हर आणि नवा कॅलिपर. याचं लोक कौतुक करतात, कारण जोर दोन्हीकडून मिळतो आणि ब्रेक जबरदस्त लागल्यासारखा वाटतो. मला नाही आवडत. लिव्हर मऊ होतो, हँडलच्या फार जवळ येतो, आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक कधी लॉक होईल याचा अंदाज राहत नाही. तुम्हाला चालत असेल तर चालवा, मला विचारू नका.

नंबर कुठे बघायचा हेही विचारतात लोक. लिव्हरवर आतल्या बाजूला किंवा रबराखाली, कॅलिपरवर मागच्या बाजूला. घासून गेला असेल आणि विकणाऱ्यालाही माहीत नसेल तर मी तो पार्ट घेत नाही. फोटोवरून "वाटतंय तरी १०५" असलं चालत नाही.

दुसरी मोठी चूक व्ही-ब्रेकची. टूरिंग किंवा सायक्लोक्रॉस फ्रेम असते, फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांवर) कँटिलिव्हर म्हणजे कँटी ब्रेकचे खुंट असतात, आणि कुणीतरी सांगतं कँटी काढून टाक, व्ही-ब्रेक (लांब उभ्या दोन हातांचा, माउंटन बाइकवर दिसणारा ब्रेक) लाव, दुप्पट पॉवर. त्याच खुंटांवर व्ही-ब्रेक बसतात हे खरंय. पण व्ही-ब्रेकचे हात लांब, साधारण १०० ते ११० मिमी, आणि त्यांना वायर लागते रोड लिव्हर देतो त्याच्या जवळपास दुप्पट. मग काय होतं, पॅड रिमला चिकटतील इतके जवळ आणावे लागतात नाहीतर लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक अर्धाच लागलेला असतो. इतके जवळ आणले की चाक जरा आउट असलं तरी घासतं. घासतंय म्हणून माणूस वायर थोडी सैल करतो, आणि मग पावसात पॅड झिजले की लिव्हर परत हँडलला. यात अजून एक गंमत अशी की व्ही-ब्रेकच्या वायरीचा ॲडजस्टर (वायर घट्ट-सैल करायचा फिरवता स्क्रू) माउंटन बाइकच्या लिव्हरवर असतो आणि रोडचा असतो कॅलिपरवर, म्हणजे रोड लिव्हर अधिक व्ही-ब्रेक केलं की ॲडजस्टर कुठेच नाही! चालता चालता पाव फेरी फिरवून घट्ट करू म्हणायची पण सोय नाही.

स्टँडवर उभी करून दाबली तर ही जोडी जबरदस्त वाटते, म्हणून फसतात. हवेत चाक फिरवून एका बोटानं थांबवणं म्हणजे ब्रेकची टेस्ट नव्हे.

याला इलाज तीन. एक, मिनी व्ही, ज्याचे हात ८० ते ९० मिमीचे असतात, रोड लिव्हरवर चालतात. मी हाच लावतो, पण वायरीच्या मध्ये बसणारा इनलाइन ॲडजस्टर सोबत घेतल्याशिवाय नाही, आणि टायर जाड किंवा मडगार्ड असेल तर आधी जागा मोजतो कारण हात आखूड झाले की खाली जागा उरत नाही. दोन, जास्त वायर ओढणारे ड्रॉप हँडलचे लिव्हर, टेक्ट्रो कंपनीचा आरएल५२० हा त्यातला नेहमीचा, मात्र त्यात गिअर नाहीत, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) दुसरीकडे लावायची तयारी पाहिजे. तीन, ट्रॅव्हल एजंट नावाची छोटी पुली, जी ओढलेली वायर वाढवून देते. चालते, पण वायर तिच्यावरून इतक्या छोट्या गोलात वळते की तिथेच तिचे धागे तुटायला लागतात, म्हणून मला ती तात्पुरतीच बरी वाटते. लावलीच असेल तर तिथली वायर वरचेवर बघत जा.

याच्या उलट, फ्लॅट हँडल लावून व्ही-ब्रेकचे लिव्हर रोड कॅलिपरला जोडणारेही भेटतात. लिव्हर दगड, ब्रेक नाही. शिमानोच्या काही फ्लॅट बार लिव्हरमध्ये आत दोन जागा असतात, एक व्ही साठी, एक कँटी आणि कॅलिपरसाठी, तिथे फक्त खटका बदलायचा असतो. तो आहे का नाही हे बघायलाही लोकांना वेळ नसतो.

आता भराभर.

गिअरचा आउटर ब्रेकला लावू नका. कधीच नाही. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीनं असतात आणि त्यांना फक्त प्लास्टिकनं धरलेलं असतं, जोरात ब्रेक दाबला की तो फाटून तारा बाहेर येतात आणि ब्रेक गेला. ब्रेकचा आउटर सहसा ५ मिमी जाड, गिअरचा ४ मिमी, हातात धरला की कळतं.

वायरीचं डोकं बघा. रोड लिव्हरला नासपतीच्या आकाराचं लागतं, माउंटन बाइकच्या लिव्हरला आडव्या पिंपासारखं. कॅम्पाग्नोलो या दुसऱ्या कंपनीच्या लिव्हरला रोडचंच पण किंचित लहान डोकं लागतं, त्यात शिमानोची वायर ठोकून बसवली की ती पुढे काढताना तुम्हाला माझी आठवण येईल.

कॅम्पाग्नोलोवरून आठवलं, त्यांचा क्विक रिलीज (चाक काढण्या-घालण्यासाठी ब्रेक पटकन उघडायचा खटका) लिव्हरमध्ये असतो, शिमानो आणि स्राम या कंपन्यांचा कॅलिपरवर. म्हणजे शिमानोचा लिव्हर आणि कॅम्पाग्नोलोचा कॅलिपर जोडला तर क्विक रिलीज कुठेच नाही, पंक्चर झालं की फुगलेली नवी ट्यूब घालून चाक परत आत जात नाही आणि तुम्ही रस्त्यात वायर सोडत बसता. इनलाइन क्विक रिलीज मिळतो, तो टाका. उलट केलं तर दोन-दोन होतात, त्यानं काही बिघडत नाही.

रीच मोजल्याशिवाय कॅलिपर घेऊ नका. रीच म्हणजे फ्रेम किंवा फोर्कवरच्या ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेक पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर. नेहमीचे कॅलिपर ३९ ते ४९ मिमी, लांब हातांचे ४७ ते ५७. जुन्या २७ इंची चाकाच्या सायकलला ७००सी (आजचं रोड बाइकचं नेहमीचं माप) चाक लावलं की रिम ४ मिमी आत जाते आणि पॅड टायरवर घासायला लागतात. मग कानस घेऊन कॅलिपरची खाच वाढवणारे महाभाग आहेत. मी असा ब्रेक बघितला की सायकल परत देतो, हात लावत नाही.

डायरेक्ट माउंट कॅलिपर दोन बोल्टचा असतो, एका भोकाच्या फ्रेमला बसत नाही. हायड्रॉलिक लिव्हर वायर ओढतच नाही. हे दोन्ही विकत घेऊन झाल्यावर विचारलेलं आहे लोकांनी.

पॅडच्या होल्डरचं उघडं तोंड मागे पाहिजे, दोन्ही चाकांना. पुढे ठेवलं तर ब्रेक लागल्यावर रिम पॅडला पुढेच ओढते आणि ते बाहेर सरकू शकतं. कार्बन रिमला ॲल्युमिनियम रिमवर वापरलेले पॅड नकोत, त्यात रुतलेले धातूचे कण कार्बन खरवडतात.

आणि समजा जोडी बरोबर आहे, नंबर जुळलेत, तरी लिव्हर मऊच लागतोय. मग शंभरातल्या बहुतेकांनी आउटर पक्कडीनं कसातरी तोडलेला असतो. तोडल्यावर टोक कानशीनं सपाट करायचं, आतली दबलेली नळी दाभणानं गोल करायची, टोपी नीट बसवायची. टेप गुंडाळायच्या आधी लिव्हर दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं आउटरवर बोट फिरवत जायचं, कुठे सरकतोय, कुठे टोपी आत रुततेय ते बोटाला लगेच लागतं. आउटर बदलला की मी सगळा जोर लावून दहा-बारा वेळा दाबतो, वायर थोडी ढिली होतेच, परत ओढून ६ ते ८ न्यूटन मीटरला बोल्ट आवळतो. कॅलिपर फोर्कला धरणारा बोल्ट ८ ते १०. आणि त्या बोल्टचा आतला नट तुमच्या फोर्कच्या जाडीला पुरेसा लांब आहे का तेही बघा, दोन-तीन आटे धरलेत म्हणजे बसला असं नसतं, नट वेगवेगळ्या लांबीचे मिळतात.