बॉयलर लावला की घरातले लाइट जातात तेव्हा

थर्मोस्टॅट वाढवायचा, बॉयलर एकदा घरघरायचा आणि खट्कन अर्ध्या घरातले लाइट जायचे. इंग्लंडमधल्या माझ्या दुसऱ्या भाड्याच्या घरात हे आठवडाभर चाललं होतं. दर वेळी जिन्याखालच्या फ्यूज बॉक्सपाशी जाऊन मी पडलेला स्विच वर करत होते. ते चुकीचं होतं. नवीन आलेली मंडळी तेच करताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इथला बॉयलर म्हणजे आपला गीझर नव्हे. गीझर विजेवर पाणी तापवतो, दोन-तीन हजार वॉट खातो. इथे बहुतेक घरांत पाणी गॅसवर तापतं. वीज लागते ती पंप, पंखा, ठिणगी आणि आतल्या सर्किट बोर्डापुरती, साधारण शंभर-दीडशे वॉट. म्हणून त्याला 3 अँपिअरचा फ्यूज पुरतो. एवढ्याने लोड वाढून घर अंधारात जात नाही. बहुतेक वेळा कुठेतरी वीज गळत असते.

फ्यूज बॉक्समध्ये छोट्या स्विचांच्या रांगेत 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला एक रुंद स्विच दिसेल. तो आरसीडी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सतत ताडून पाहतो. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचला की तो वीज तोडतो, कारण तेवढी वीज भलत्या वाटेने, ओल्या वायरीतून किंवा एखाद्याच्या अंगातून, जमिनीत चाललेली असते. तो एकदा वर करून बघा. पुन्हा पडला तर जबरदस्ती करू नका आणि तो पडू नये म्हणून त्याला टेप तर मुळीच लावू नका.

मग बॉयलरजवळच्या भिंतीवर फ्यूज बसवलेला स्विच शोधा. त्याला इथे स्पर म्हणतात. तो बंद करून आरसीडी वर करा. टिकला, तर दोष बॉयलरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या पंप, व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅटच्या वायरीत असण्याची शक्यता जास्त. नाही टिकला, तर केटल, वॉशिंग मशीन, फ्रीज यांचे प्लग एकेक करून बाहेर काढून पाहा. गरम पाण्याची टाकी असेल तर तिचा इमर्शन हीटरही बंद करा. त्याची कॉइल फुटून पाणी आत शिरलं की हमखास ट्रिप होतं, म्हणजे आरसीडी पडतो.

फ्यूज बॉक्समधला बॉयलरचा छोटा स्विच खाली करून ही परीक्षा होत नाही, यात पुष्कळ जण फसतात. तो सहसा फक्त लाइव्ह तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. दोष न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये असला तर घरातलं दुसरं काही चालू असताना आरसीडी पडतच राहतो, आणि आपण बॉयलरला निर्दोष ठरवून भलतीकडे शोधत बसतो. स्परचा स्विच बहुधा दोन्ही तोडतो.

ट्रिप नेमकं कधी होतं ते लिहून ठेवा. फक्त हीटिंग लावल्यावर? गरम पाण्याचा नळ सोडल्यावर? की पाऊस पडल्यावर? माझ्याकडे हीटिंग लावल्यावर व्हायचं, आणि बॉयलरमधल्या पाण्याचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा दर दोन-तीन दिवसांनी 1 बारच्या खाली यायचा. मी पाणी भरत राहिले, पण दोन्हींचा संबंध लावला नाही. पंपाच्या जोडातून थेंब थेंब पाणी खालच्या कनेक्टरवर पडत होतं. इंजिनिअरने झाकण काढलं तेव्हा तिथल्या पितळेवर हिरवट पूड जमलेली दिसली.

ते झाकण आपण उघडायचं नाही, स्क्रू चार असोत की दोन. कित्येक बॉयलरमध्ये झाकणाचं सील ज्वलनाचे वायू घरात येऊ देत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचा वास आला तर ही सगळी तपासणी सोडा, कोणताही स्विच न दाबता बाहेर पडा आणि 0800 111 999 ला फोन करा.

घर भाड्याचं असेल तर लँडलॉर्डला सांगायला संकोचू नका. मी आठवडा घालवला तो याच भिडेपोटी. हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं इंग्लंडमध्ये 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याने त्याच्यावरच येतं, आणि गॅसची तपासणी दर 12 महिन्यांनी करून घेणं 1998 च्या गॅस सुरक्षेच्या नियमांनी. फोन केलात तरी मागोमाग मेसेज पाठवा: तारीख, वेळ, कोणता स्विच पडला, स्पर बंद केल्यावर काय झालं आणि फ्यूज बॉक्सचा फोटो. एवढी माहिती असली की गॅसवाल्याला बोलवायचं की इलेक्ट्रिशियनला, हे त्याला लगेच ठरवता येतं.

बॉयलर उघडायला येणाऱ्याकडे गॅस सेफचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड मागा. पुढे फोटो असतो. मागची बाजूही वाचा, कारण कोणत्या उपकरणांवर काम करायची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं.